आमच्या घरचा हर्निया

मी कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत क्वालिटीला आहे. प्रॉडक्शनवाले ज्या मालाला ओके म्हणतात, त्याला लगेच ओके न म्हणणं हे माझं काम. डब्यावर लेबल एक आणि आत रंग दुसराच, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे लेबलवर माझा विश्वास नाही. बारा वर्षं हे काम करून माणूस संशयी होतो की मुळात संशयी माणसालाच हे काम देतात, ते मला माहीत नाही. प्राची, माझी बायको, म्हणते की मी देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खातो. घेतो. त्यात काय चुकलं?

हे आधी सांगितलं, कारण असल्या माणसाने एका शब्दावर मात्र अठ्ठावीस वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला. तो शब्द होता हर्निया. तो मला माझ्या आईने दिला होता.

माझ्या उजव्या जांघेत बोटभर लांबीचा जुना व्रण आहे. मी सहा वर्षांचा असताना कल्याणच्या एका हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं होतं. कसलं, तर हर्नियाचं. घरात तसंच बोलायचे, शाळेच्या फॉर्मवर तसंच लिहिलेलं, मीही तसंच सांगत आलो.

त्यामुळे चौतिसाव्या वर्षी आंघोळ करताना उजवी गोटी डाव्यापेक्षा कडक आणि जड लागली, तेव्हा निदान करायला मला डॉक्टर लागला नाही. जुना हर्निया परत आला, असं मी ठरवून टाकलं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर पळत गेलो असतो. मेडिकलमधून एक आधाराचा पट्टा आणला, डबे उचलणं बंद केलं आणि पाच महिने काढले. जगातल्या सगळ्या कागदांवर शंका घेणारा मी, स्वतःच्या अंगावरच्या लेबलला मात्र ओके म्हणून बसलो.

वय त्रेचाळीस

शेवटी प्राचीनेच ओढून डोंबिवलीला सोनोग्राफीला नेलं. तिने पट्टा पाहिला होता.

तिथला डॉक्टर आधी गप्पा मारत होता. कुठे राहता, ठाकुर्लीला पाणी येतं का वगैरे. मग एकदम गप्प झाला. एकाच जागी तीनदा मशीन फिरवलं. गप्पा मारणारा माणूस गप्प झाला की मालात काहीतरी आहे, हे मला कळतं.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"हर्निया आहे माझा. जुना."

"हर्निया दिसत नाहीये," तो म्हणाला. "आजच कुणाला तरी दाखवा. उद्यावर टाकू नका."

रिपोर्ट हातात आला. त्यात वृषणात गाठ, कर्करोगाचा संशय, असं लिहिलं होतं. आणि माझं वय त्रेचाळीस लिहिलं होतं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आकडे उलटे पडले होते, एवढंच, पण मी तो धागा धरला. वय चुकलं म्हणजे नाव चुकलं असेल, म्हणजे कुण्या त्रेचाळीस वर्षांच्या बिचाऱ्याचा हा रिपोर्ट असेल. काउंटरवरच्या मुलीने वय दुरुस्त करून दिलं, तर मला त्या दुरुस्तीचाच संशय आला. दुसऱ्या दिवशी कल्याणला गेलो, पहिला रिपोर्ट खिशात लपवून. दुसरं सेंटर, दुसरं मशीन, दुसरा डॉक्टर. गाठीचं माप मिलिमीटरपर्यंत तेच आलं.

आमच्या खात्यात याला पुरावा म्हणतात. मी सेंटरच्या बाहेर पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. प्राची शेजारी बसून राहिली. 

माझी प्रेग्नन्सी टेस्ट

ठाण्याच्या सर्जनांनी पाच मिनिटांत तपासलं आणि म्हणाले, "चार दिवसांत ऑपरेशन करू. जांघेतून छेद घेऊन ही बाजू पूर्ण काढायची."

इतकी घाई म्हटल्यावर माझे कान टवकारले. "आधी सुई घालून तुकडा तपासत नाहीत का? सगळीकडे तर तसंच करतात."

"इथे नाही करत. सुई घातली तर त्याला पसरायला वाट आपणच करून देतो. काढायची, मग तपासायची."

म्हणजे माल न तपासता आधी फेकायचा? मला हे पटेना. त्यात रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये गेलो, तर एका तपासणीचं नाव ओळखीचं वाटलं. फोनवर शोधलं. बायकांना दिवस गेलेत का, ते बघायची तपासणी.

मी काउंटरवर भांडलो. "ही बायकांची टेस्ट आहे. दुसऱ्या कुणाची चिठ्ठी मला दिलीत."

लॅबमधल्या बाई पन्नाशीच्या, शांत. म्हणाल्या, "दादा, तुमचीच आहे. या आजारात पुरुषांमध्येपण ते वाढतं. रोज एकजण तरी भांडतो माझ्याशी."

आकडा वाढलेला आला. प्राची म्हणाली, "अभिनंदन." आम्ही दोघं त्या लॅबच्या बाकावर वेड्यासारखे हसलो आणि मग दोघंही एकदम थांबलो.

तरी मी आणखी एका डॉक्टरांकडे गेलोच. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "चार दिवसांत म्हणालेत? उद्या म्हणाले असते तरी मी चूक म्हटलं नसतं." मग मी ऑपरेशनला हो म्हटलं.

भरती व्हायच्या आधी सर्जनांनी जुन्या व्रणावर बोट ठेवलं. "हे कसलं?"

"हर्निया. लहानपणी."

"नक्की? की गोटी वर राहिली होती आणि ती खाली आणायचं ऑपरेशन होतं? कारण ज्यांची जन्मतः खाली उतरत नाही, त्यांना पुढे हा धोका जास्त असतो. घरी विचारा."

एकाच शब्दाआडून दोघं

आता घरी विचारायचं म्हणजे आईला. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आणि आई आमच्यासोबतच राहते, तरी तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मोठी अडचण शब्दाची होती. पोटाचं, घशाचं, डोक्याचं काही झालं तर माणूस सांगू शकतो. याला डॉक्टरांचा शब्द इंग्रजी, पुस्तकातला संस्कृत, आणि आपल्याला येणारा शिवीतला. आईसमोर बसून बोलावा असा एकही शब्द मला सापडेना. मग कपाटातला तयार शब्द काढला.

"आई, तो जुना हर्निया परत आलाय. परवा ऑपरेशन आहे. छोटंसंच."

ती पातेलं घासत होती. हात थांबला. "हर्निया?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं.

"आई, लहानपणी मला हर्नियाच झालेला ना?"

"हर्नियाच की. दुसरं काय?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. मला संशय आला. आईला काहीतरी लपवायचं असलं की भांडी जरा जास्तच स्वच्छ होतात. पण विचारणार कसा? मीही तिच्याकडे बघत नव्हतो.

रजेच्या अर्जावर हर्निया लिहिलं. मित्रांना हर्निया, सोसायटीत हर्निया. छेद जांघेतच असल्यामुळे थाप अगदी मापात बसली. एका मावसकाकांनी तर त्यांच्या हर्नियाचं पथ्यपाणी अर्धा तास सांगितलं, ते मी लिहून घेतलं.

फक्त हॉस्पिटलमधले वॉर्डमामा फसले नाहीत. दाढीच्या रेझरने माझी तयारी करताना म्हणाले, "काय, हर्निया का?"

"हो."

"असू दे," ते म्हणाले. "हर्नियावाले एवढे गप्प नसतात. घाबरू नको, उद्या संध्याकाळी चहा पिशील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खरंच चहा आणून दिला. पाणचट होता. तरी तितका गोड लागलेला चहा मी पुन्हा प्यायलो नाही.

राखून ठेवलेला नमुना

मधली एक गोष्ट राहिली. ऑपरेशन ठरल्यापासून प्राची फोन घेऊन गॅलरीत जायची. मी आलो की "नंतर बोलते" म्हणून ठेवायची. मी जे जे समजायचं ते समजलो. माहेरच्यांशी बोलत असणार. लग्नाला तीन वर्षं, मूल नाही, आणि नवऱ्याचं हे असं. तिच्या जागी मी असतो तर मीही विचार केला असता. रात्रभर मनात असलंच काहीबाही चालायचं, आणि सकाळी मी तिच्याशी उगाच तुटक बोलायचो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने रिक्षा थांबवली ती एका क्लिनिकसमोर. वीर्य साठवून ठेवायची जागा. सर्जनांनी आम्हाला दोघांनाही हे सुचवलं होतं, आणि मी "आता ते कशाला" म्हणून उडवून लावलं होतं. ती इतके दिवस गॅलरीतून तीच चौकशी करत होती.

"मला सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू तीन सेंटरचे रिपोर्ट मागितले असतेस. तुमच्याकडे प्रत्येक बॅचचा एक नमुना कपाटात राखून ठेवतात ना? तसं समज. जा आत."

आत काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि बाहेर कुणीतरी मोठ्याने टोकन नंबर पुकारत होतं. एवढं सांगतो की बाहेर आल्यावर मी प्राचीची माफी मागितली. कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही. मला वाटतं तिला माहीत होतं.

दहीभात

काढलेली गाठ कॅन्सरचीच निघाली. कॅन्सर पोटातल्या काही गाठींपर्यंत पोचला होता. "हा बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा आहे," डॉक्टर म्हणाले, "पाच महिने आधी आला असतात तर कदाचित ऑपरेशनवर भागलं असतं. आता केमो घ्यावी लागेल. तीन वेळा."

केमोचं फार सांगत नाही. हॉस्पिटलात सकाळी सहाला तापमान, सातला रक्त, नऊला सलाईन. मी प्रत्येक बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय सुई लावू द्यायचो नाही. सिस्टर आधी वैतागल्या, मग स्वतःच बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरायला लागल्या. "घ्या साहेब, पास करा." तोंडाला सतत गंजाची चव. केस उशीवर. कानात बारीक शिट्टी. आणि भीती, ती मात्र वेळापत्रकाप्रमाणे नाही, केव्हाही यायची. लिफ्टमध्ये, दात घासताना. मी मरेन असं मला अनेकदा वाटलं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीच्या वेळी दुपारी आई डबा घेऊन आली. दहीभात कालवून एकेक घास देत होती. माझ्या डोक्यावर एक केस उरला नव्हता, आणि आम्ही तरीही हर्निया हर्निया करत होतो.

चौथ्या घासाला तिने चमचा डब्यात ठेवला.

"तुषार, तुला हर्निया परत कसा येईल रे?" ती म्हणाली. "पहिला कधी झालाच नव्हता."

मी उशीला टेकून सरळ बसलो.

"तू मला हर्निया म्हणालास, तेव्हाच मला कळलं तू खोटं बोलतोयस. पण मी कुठल्या तोंडाने विचारणार?"

मग तिने सगळं सांगितलं. एक बाजू खाली उतरली नव्हती. आपोआप उतरेल म्हणून सहा वर्षं वाट पाहिली. ऑपरेशन करून खाली आणली. बाबा म्हणाले, उद्या पोराचं लग्न ठरवताना कुणाच्या कानावर गेलं तर? हर्निया म्हणायचं, हर्निया कुणालाही होतो. तिने तसं म्हटलं, आणि म्हणता म्हणता तेच खरं झालं.

"डॉक्टरांनी काही सांगितलेलं का तेव्हा?"

तिने पदराने डब्याची कड पुसली. "सांगितलेलं. मोठा झाला की लक्ष ठेवा. कडक लागली, मोठी वाटली, तर लगेच आणा."

"मग?"

"मग तू मोठा झालास. आतून कडी लावून आंघोळ करायला लागलास. मी कशी बघणार होते रे?"

मला राग आला. खूप आला. पट्टा लावून काढलेले माझे पाच महिने तिच्या शब्दाने खाल्ले होते. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी प्राची म्हणाली, "तिने खोटं सांगितलं, मान्य. तू तिला काय सांगितलंस?" मी कूस बदलली. 

भोईरचा प्रश्न

केमो संपली, स्कॅन स्वच्छ आला, मी कामावर परतलो. कंपनीत सगळ्यांना मी हर्नियाचाच पेशंट होतो. केस जाण्याचं कारण औषधाची ॲलर्जी, असंही एक लेबल मी चिकटवलं होतं. आता कशाला उकरून काढायचं, असं मला वाटायचं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हरेश भोईर आला. पॅकिंगला आहे, कोलशेत गावातलाच, तिशीचा. इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "तुषार, तुझा हर्निया बरा झाला ना? मना पन तसाच झालाय. गोटीवं गाठ लागते. दुखत नाय, काय नाय. तुझा बघून धीर आला. तू कंचा पट्टा लावलेलास?"

मी हातातली पोळी डब्यात ठेवली. आईचा शब्द माझ्यापर्यंत आला होता, आणि आता माझा शब्द याच्यापर्यंत पोचला होता. मी आताही गप्प बसलो असतो, तर त्याने पट्टा आणला असता.

त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, व्रणही दाखवला.

भोईरने ऐकून घेतलं. मग बारीक डोळे करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. मी स्वतः ती बारा वर्षं वापरतोय.

"म्हंजे तवा तू खोटा बोललास?"

"हो."

"मंग आता खरा बोलतंस कशावरून?"

याला माझ्याकडे कागद नव्हता, फाइल घरी होती. मी फोन काढला, आईला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, माझ्यासोबत कंपनीतला भोईर आहे. मला लहानपणी काय झालेलं, ते त्याला सांग."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी. "हर्निया म्हणून सांगू का?" तिने हळूच विचारलं.

"नाही. खरं ते सांग."

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्याची एक गोटी खाली उतरली नव्हती बाळा. आम्ही लाजेपायी लपवलं. म्हणून याला उशीर झाला. तुला काही लागत असेल तर आज जा. लाजू नकोस."

माझ्या आईच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. आकाश कोसळलं नाही. भोईरने मान खाली घातली आणि गेटपासचा कागद मागायला गेला. मी अर्धी रजा टाकून सोबत गेलो. त्याचा रिपोर्ट काय आला ते इथे लिहिणार नाही, तो त्याचा आहे. वेळेत आला, एवढं सांगतो.

तुमच्यासाठीही हेच. हा आजार म्हाताऱ्यांचा नाही, विशीतल्या, तिशीतल्या पोरांना गाठतो. दुखत नाही म्हणून सोडू नका, न दुखणं हीच त्याची लबाडी आहे. गरम पाण्याने आंघोळ झाली की महिन्यातून एकदा स्वतःच बोटांनी चाचपून बघा. काही वेगळं लागलं तर डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते ठरवायचं काम तुमचं नाही. आणि लहानपणी जांघेत ऑपरेशन झालं असेल तर आईला विचारा कसलं ते. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

माझी डावी बाजू शाबूत आहे. तिच्यावर लक्ष ठेवायचं आहे, तपासण्याही अजून काही वर्षं चालतील. प्रत्येक तपासणीच्या आधी मी लॅबशी भांडतो, ते काही सुटलेलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आंघोळीला गेलो की बाहेर पावलं थांबतात आणि बाथरूमच्या दारावर टकटक होते.

"बघितलंस का?" आई विचारते.

"बघितलं."

"नीट?"

"नीट, आई."

"खरं सांगतोयस ना?"

"खरं."

ती लगेच जात नाही. थोडा वेळ तिथेच उभी असते, मला दाराखालून तिच्या पायांची सावली दिसते. मग मी कडी काढतो आणि फक्त डोकं बाहेर काढून सांगतो, "खरंच काही नाही." ती माझं तोंड नीट बघून घेते, आणि मगच स्वयंपाकघरात जाते.